वाटेला दिलेला आकडा

मंगोलियातल्या दार्खानहून सीमेपलीकडे रशियात उलान-उदेला जायला किती वेळ लागतो, हे नकाशाला विचारावं. नकाशाला वाटेची भीती नसते, तो बिनधास्त सांगून मोकळा होतो. माणसाला विचारू नये, आणि त्या वाटेवर व्हॅन चालवणाऱ्या सोदनोमला तर नाहीच नाही. एका कॉलेजातल्या पोरानं गाडीत बसल्या-बसल्या विचारलं होतं, "दादा, कधी पोचू?" सोदनोमनं भर रस्त्यात व्हॅन थांबवली, त्याला खाली उतरवलं आणि थंडीत ओवोभोवती तीन फेऱ्या घालायला लावल्या. ओवो म्हणजे खिंडीतली ती दगडांची रास, निळी फडकी बांधलेली. फेऱ्या संपल्यावर पोराला पोटाशी धरून चहा पाजला तोही त्यानंच. माणूस तसा लोण्याचा, पण ह्या एका बाबतीत दगड.

त्यात त्याचं काही चुकत होतं असंही नाही. आपल्याकडे सगळेच असं मानतात. वाटेला कान असतात, आणि पोचण्याची वेळ तिच्या कानावर पडली की ती हट्टाला पेटते. म्हणून प्रवासातल्या माणसाला एकच प्रश्न करायचा, "सुखानं चाललंय ना?" आणि त्यानंही एकच उत्तर द्यायचं, "सुखानं चाललंय." मग चाक निखळलेलं असो, नाहीतर कंबरेएवढ्या बर्फात गाडी रुतलेली असो.

त्या दिवशी सकाळी नोर्जिन सोदनोमच्या व्हॅनपाशी आली तेव्हा तिच्या हातांना अजून पीठ लागलेलं होतं. दार्खानच्या एका शाळेत ती स्वयंपाकीण. शंभर पोरांसाठी बूझ वळत होती, कणकेच्या पारीत मटणाचा खिमा भरून मोदकासारखं तोंड मिटवायचं, आणि मध्येच फोन आला. तिची एकुलती एक लेक यान्जमा सीमेपलीकडे उलान-उदेला नांदत होती. ती दवाखान्यात अडली होती. मूल आडवं, रक्त जात होतं, पोट फाडावं लागणार होतं, आणि तिच्या गटाचं रक्त त्या शहरात मिळेना. आपल्या लोकांत तो गट हजारात एखाद्याला. यान्जमाला तो आईकडून आला होता.

वादळामुळे विमानं बंद होती. राहिली ती सोदनोमची व्हॅन.

"बसा ताई," सोदनोम म्हणाला. त्यानं दुसरं काही विचारलं नाही. मागच्या बाकावर खांडा आधीच बसलेली होती, उंटाच्या लोकरीचे मोजे पलीकडे नेऊन विकणारी. हिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं. गाडी निघाली तशी नोर्जिनच्या शेजारणीनं पळीनं दूध शिंपडलं, चाकांच्या मागे, वाट पांढरी, म्हणजे सुखाची व्हावी म्हणून.

"दूध कशाला वाया घालवता?" खांडा खिडकीतून ओरडली. "वाट आधीच पांढरीफटक आहे! मला द्या ते, चहात घालते."

नोर्जिनला हसू आलं नाही. पण अशा वेळी कुणीतरी शेजारी बडबडत असलेलं बरं असतं. सीमेच्या फाटकापर्यंत खांडानं आपल्या दोन्ही सुनांची पुरती धुलाई केली. फाटकावर रांग होती. नोर्जिननं तिथंही घड्याळाकडे बघितलं नाही. हात मांडीखाली दाबून ती बसून राहिली आणि ओठांवर आलेला प्रश्न पुन्हा पुन्हा गिळत राहिली.

सीमा ओलांडली, क्याख्ता मागे पडलं, देवदारांचं रान लागलं. खिंडीतल्या ओवोपाशी सोदनोमनं रिवाजाप्रमाणे गाडी उभी केली. तो आणि खांडा दगड उचलून फेऱ्या घालू लागले. नोर्जिनही एक पाय खाली टाकत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"मी डॉक्टर बोलतेय," पलीकडून रशियन बाईचा आवाज आला, थकलेला, घाईतला. "तुम्ही किती वाजता पोचाल?"

"निघालेय बाई. वाटेतच आहे."

"ते कळलं हो. वेळ सांगा. मला त्याप्रमाणे तयारी करायचीय."

"सुखानं चाललंय," नोर्जिन म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पलीकडे डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. मग फोन कुणाच्या तरी कानाला लावल्यासारखा आवाज झाला, आणि एक श्वास ऐकू आला. तो श्वास नोर्जिननं अंधाऱ्या तळघरातही ओळखला असता.

"आई… कधी येतेस?"

दार्खानमध्ये वाढलेली पोर ती. ट्रकवर जाणाऱ्या बापालासुद्धा तिनं जन्मात असं विचारलं नव्हतं. तीच आज विचारते आहे म्हटल्यावर नोर्जिनच्या काळजाचं पाणी झालं. रिवाज, वाट, ओवो, सगळं विसरली ती.

"पाचला," ती म्हणाली, आणि लेकीला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं पुन्हा म्हणाली, "पाच वाजता पोचते बाळा. पाचला."

फोन ठेवून वर बघते तर सोदनोम दारात उभा. हातातला दगड ओवोवर ठेवायचा राहिला होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. दगड हळूच खाली ठेवून गाडीत बसला, आणि खांडाच्याही तोंडाला कुलूप लागलं.

सुरुवातीला काही जाणवलं नाही. बर्फ पडत होता, काच पुसणाऱ्या पट्ट्या किरकिरत होत्या. वळणावर रस्त्याकडेला पाटी आली, उलान-उदे शहाऐंशी. मग एक वाकडं देवदार आलं, खालच्या फांदीला निळं फडकं बांधलेलं. मग उतार, मग लाकडी पूल.

आणि मग पुन्हा पाटी आली. उलान-उदे शहाऐंशी.

"ही मघाशी…" खांडानं मान वळवून मागे बघितलं.

देवदार आलं. निळं फडकं. उतार. पूल. सोदनोमचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले होते. नोर्जिन वर बघत होती. ढगांच्या मागे सूर्याचा फिकट ठिपका होता, पडद्याआड ठेवलेल्या दिव्यासारखा, आणि तो जागचा हलत नव्हता. दुपार होती ती दुपारच राहिली होती. हिवाळ्यात दिवस कसा भराभर मावळतो आपल्याकडे! पण ह्या दुपारला मावळायचंच नव्हतं. गाडीतलं घड्याळ मात्र पुढे सरकत होतं.

तिसऱ्या खेपेला पाटीवर एक्क्याण्णव होतं.

"सोदनोमदादा," नोर्जिन म्हणाली. "माझं चुकलं हो…"

"बोलू नका ताई. आता काहीच बोलू नका."

आवाज सगळे मेले होते. इंजिनसुद्धा कुठेतरी दुसऱ्याच गाडीत चालू असल्यासारखं वाटत होतं. मागे खांडा तोंडातल्या तोंडात मंत्र पुटपुटत होती, मध्येच चुकत होती आणि पहिल्यापासून सुरू करत होती.

तेव्हा तो म्हातारा दिसला.

रस्त्याच्या कडेला उभा होता, एकटा, जुन्या पद्धतीचा लांब डगला घालून. हातात काठी, पायात जाड लोकरी नमद्याचे बूट. आसपास घर नाही, धूर नाही, मागे पावलांची खूण नाही. सोदनोमचा पाय क्षणभर ॲक्सिलरेटरवरच राहिला. त्याच्याही मनात नको ते येऊन गेलं असणार. पण तसल्या थंडीत माणसाला वाटेवर सोडून पुढे जायचं नसतं, तो कुणीही असो. त्यानं गाडी थांबवली. हे लक्षात ठेवा. गाडी त्यानं थांबवली.

म्हातारा नोर्जिनच्या शेजारी बसला. त्याच्याबरोबर थंडी आत आली, आणि जुन्या डोंगरी धुपाचा वास. गाडीत हीटर भणभणत होता, खांडाच्या कपाळावर घाम होता, पण म्हाताऱ्याच्या भुवयांवरचा बर्फ काही वितळेना. नोर्जिननं थर्मासमधला खारा दुधाचा चहा वाटीत ओतून दोन्ही हातांनी पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, पण प्यायला नाही. नुसता धरून बसला.

"कुणी विचारलं?" त्यानं हळूच विचारलं.

मग वाटीवरून त्यानं एकेकाकडे बघितलं.

"वाटेला आकडा कुणी दिला?"

"मी," नोर्जिन म्हणाली. "लेक अडलीय माझी, आजोबा. तिला माझं रक्त द्यायचंय. तिनं विचारलं, कधी येतेस… मग मी काय करणार होते?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. रागावला नाही तो. "आकडा दिला की वाट तो मोजायला बसते, पोरी. आणि तिला मोजता येत नाही. चुकते… पुन्हा पहिल्यापासून मोजते… पुन्हा चुकते."

"मग आता?"

"विचारलेलं परत घेता येत नाही. कुणीतरी ते वाहावं लागतं." तो बाहेर बघत होता. देवदार गेलं, निळं फडकं गेलं. "मीपण असंच विचारलं होतं. ह्याच गावाला चाललो होतो. बायको बाळंत होणार होती. घाई झाली होती मला."

"पोचलात?" नोर्जिननं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

म्हातारा जरा हसल्यासारखा वाटला. "निघालोय ना," तो म्हणाला.

मागे खांडाचा मंत्र बंद पडला.

"मला विचार," म्हातारा म्हणाला. "मोठ्यानं. माझ्या नावानं विचारलंस की तुझं ओझं माझ्याकडे येईल."

"तुमचं नाव काय?"

"नाव आता कोण घेतंय… आजोबा म्हण, पुरे झालं."

"पण मग तुमचं काय होईल?"

"माझं पोतं आधीच भरलंय. त्यात एक मूठ आणखी. विचार पोरी. तुझी लेक वाट बघतेय."

नोर्जिनला रडू फुटलं. नको म्हणावंसं वाटत होतं. पण आई होती ती, आणि घड्याळ पुढे सरकत होतं. तिनं थैलीतून लाल लोकरीचा रुमाल काढला. यान्जमासाठी तिनं स्वतः विणलेला, बाळंतिणीच्या कानांना बांधायचा. तो तिनं म्हाताऱ्याच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला आणि रडतच विचारलं,

"आजोबा… तुम्हाला अजून किती लांब?"

गाडी आपोआप हळू झाली. म्हाताऱ्यानं चहाची वाटी परत दिली, दार उघडलं आणि उतरला. "सुखानं जा," म्हणाला. सोदनोमनं आरशात बघितलं तेव्हा मागे बर्फ होता आणि लाल ठिपका होता. मग नुसता बर्फ.

पुढच्या वळणावर चढ आला. त्या चढाच्या माथ्यावरून उलान-उदेची धुराडी दिसली.

वाटीतला चहा गोठून दगड झाला होता. पण ते नोर्जिननं बघितलं नाही. ती दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती, तिची बाही वर सरकवली जात होती, आणि डॉक्टरीणबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणत होत्या, "शब्दाच्या पक्क्या आहात हो तुम्ही! अजून पाच वाजायचेत."

यान्जमा वाचली. मुलगी झाली, लालबुंद आणि भांडखोर. तिच्या बापानं, तो तिकडचा, बुरियात जमातीचा, तिचं नाव आयुना ठेवलं. तिचं पहिलं रडणं ऐकलं तेव्हा नोर्जिनचा जीव भांड्यात पडला, आणि तिनं खिडकीकडे, दक्षिणेच्या वाटेकडे तोंड करून हात जोडले.

त्यानंतर नोर्जिन चहा करायची तेव्हा पहिली पळी उंबऱ्याबाहेर शिंपडायची. देवाच्या आधी. "माझ्या आजोबांची," म्हणायची. खिंडीतून जाताना दर खेपेला गाडी थांबवून ती ओवोपाशी वाटी भरून ठेवायची, शेजारी ताजं बूझ. शाळेतल्या बाया चेष्टा करायच्या, "नोर्जिनला म्हातारपणी यार सापडला!" ती हसायची. "सापडला तर सापडला. असा तुम्हाला सापडला तर नशीब काढलंत म्हणा." खांडानंही त्या दिवसापासून दरवर्षी तिथं मोज्यांचा एक जोड ठेवला, सगळ्यात जाडसर असेल तो. आणि सोदनोम? तो काही ठेवायचा नाही. तो वाटेवर उभ्या असलेल्या एकूण एक माणसाला गाडीत घ्यायचा, जागा असो वा नसो.

पोरगी चार वर्षांची झाली. त्या उन्हाळ्यात ती आजीकडे दार्खानला राहायला आली, आणि जूनमध्ये सोदनोमच्याच व्हॅनमधून नोर्जिन तिला पोचवायला निघाली. रान हिरवंगार होतं. ओवोपाशी मोठी माणसं फेऱ्या घालत होती. आयुना गाडीत बसून खिडकीतून कुणाशी तरी बोलत होती. लहान पोरं बोलतातच. नोर्जिननं लक्ष दिलं नाही.

दुपारी उलान-उदे आलं. सोदनोम यान्जमाच्या हातचं जेवला, दोन वाट्या चहा प्यायला आणि लगेच परत फिरला. घरी धाकट्या लेकीचा साखरपुडा होता त्याच्या. "सुखानं जा दादा," नोर्जिन म्हणाली आणि खिडकीतून दूध शिंपडलं.

मग ती नातीचं तोंड धुवायला बसली.

"आजी, ते आजोबा ना, त्यांना बाळ झालं का ते माहीतच नव्हतं," आयुना साबणाच्या फेसातून म्हणाली.

"कुठले गं आजोबा?"

"लाल रुमालवाले. खिडकीपाशी आले होते. मला म्हणाले, बाळ झालं का? मी म्हटलं, झालं की! मुलगी झाली. मीच ती."

नोर्जिनचे हात थांबले.

"मग ते रडले. मग म्हणाले, गाव अजून किती लांब आहे? मी म्हटलं, आजोबा, किती वेंधळे हो तुम्ही! पोचलातच की."

"मग?" नोर्जिननं कसंबसं विचारलं.

"मग ते म्हणाले, बरं झालं बाई, मग हे मी इथंच खाली ठेवतो. पण आजी, त्यांच्या हातात काहीच नव्हतं."

नोर्जिननं नातीला छातीशी धरलं. इतका आनंद तिला आयुनाच्या जन्माच्या दिवशी झाला होता, त्यानंतर आजच. पोचला म्हातारा! कुणास ठाऊक किती हिवाळे चालला, आणि एका चिमुरडीनं त्याला घरी पोचवलं. ती डोळे पुसत बाहेरच्या खोलीत आली, तर दाराजवळच्या खुंटीला लाल लोकरीचा रुमाल टांगलेला होता.

तिच्याच हातची वीण. जूनच्या उन्हात घर तापलेलं होतं, आणि रुमालावर पांढरा बर्फ होता.

ती घाबरली नाही. तिनं चहा गरम केला, चांगली चांदीची वाटी काढली आणि दाराच्या समोर, पाहुण्याच्या मानाच्या जागी ठेवली. "आलात आजोबा? बसा," ती म्हणाली. "तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण चहा तरी घ्या."

तेवढ्यात फोन वाजला. सोदनोमचा होता.

"सुखानं चाललंय ना दादा?" नोर्जिननं हसत विचारलं.

पलीकडून नुसता इंजिनचा आवाज, लांबून, दुसऱ्याच कुठल्या गाडीतून आल्यासारखा.

"दादा?"

"ताई… ते निळ्या फडक्याचं झाड…" त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "चार वेळा गेलं हो… ऊन हलत नाहीये…" मग ज्या माणसानं उभ्या आयुष्यात तो प्रश्न कुणाला विचारू दिला नव्हता, तोच लहान पोरासारखा म्हणाला, "ताई… सीमा अजून किती लांब आहे हो?"

नोर्जिन खुंटीवरच्या रुमालाकडे बघत राहिली. म्हाताऱ्यानं ओझं खाली ठेवलं होतं. वाटेवरच ठेवलं होतं, आणि त्या वाटेनं पहिला गेला तो सोदनोम. ज्यानं त्या दिवशी गाडी थांबवली होती.

स्वयंपाकघरात यान्जमा गाणं गुणगुणत काहीतरी तळत होती. तिचं गाणं, आयुनाची बडबड, हे सगळं त्या एका गाडी थांबवण्यामुळे होतं. नोर्जिनला फार विचार करावा लागला नाही.

"सोदनोमदादा," ती शांतपणे म्हणाली, "मला विचारा."

"नाही ताई. नाही…"

"धाकटीचा साखरपुडा आहे ना? मग विचारा. मोठ्यानं. माझ्या नावानं."

फोनमध्ये म्हातारा होत चाललेला तो दांडगा माणूस हुंदके देत होता. शेवटी त्यानं विचारलं, "नोर्जिनताई… तुम्हाला अजून किती लांब?"

खुंटीवरच्या रुमालातून पाण्याचा पहिला थेंब जमिनीवर पडला. मग दुसरा.

"ताई!" सोदनोम ओरडला. "फाटक दिसलं! ताई, सीमेचं फाटक दिसलं!"

"सुखानं जा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मन अगदी हलकं झालं होतं. देणं फिटल्यावर होतं तसं. आयुना येऊन तिच्या मांडीवर चढली, तिच्या तोंडाकडे निरखून बघू लागली आणि बोट लावत म्हणाली, "आजी, तुझ्या भुवईवर बर्फ आहे."

नोर्जिननं हात फिरवला. तो वितळला नाही.

"आई," स्वयंपाकघरातून यान्जमानं हाक मारली. "गरम आहे तोवर ये गं. कधी येतेस?"

"आले बाळा," नोर्जिन नातीला खाली ठेवून उठली. "निघालेय ना."

स्वयंपाकघराचं दार समोरच तर होतं.